नाटक सुटल्यावर घरी कसे जायचे?

आग्रा-मुंबई रस्त्याच्या मधोमध बसगाड्यांसाठी जो वेगळा पट्टा राखून ठेवला होता, तो मोडला. 2013 साली निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरांचा हा मार्ग सुरू झाला, तेव्हा इंदूर आता पुढारलेल्या शहरांच्या पंक्तीत बसले म्हणून पेढे वाटण्याइतका आनंद झाला होता. 2024 च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने तो काढण्याचे जाहीर केले, 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने त्यास संमती दिली, कठडे निघू लागले, आणि तेव्हाही शहरात आनंदच झाला. एकाच सार्वजनिक कामाचे बारसे आणि बारावे बारा वर्षांच्या आत उरकावे आणि दोन्ही वेळा गोड जेवण व्हावे, असे दुसरे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही. भोपाळने आपला असाच मार्ग वर्षभर आधी मोडायला घेतला होता. तेव्हा निदान एकटेपणाचा दोष आमच्या शहराला लावता येणार नाही.

सांस्कृतिक पानाने रस्त्यांच्या या उठाठेवीत का पडावे, असे वाचक विचारतील. गावातल्या मराठी संस्थांच्या चालकांकडून आम्ही गेली काही वर्षे एकच तक्रार ऐकत आलो आहोत. वक्ता चांगला असतो, गायक चांगला असतो, तिकीट नाममात्र असते किंवा मुळीच नसते, तरी मागच्या रांगांतल्या खुर्च्या रिकाम्या राहतात. चालकमंडळी आपसांत याचे निदान करून टाकतात : नव्या पिढीला मराठीची गोडी राहिलेली नाही. हे निदान आम्हांला अपुरे वाटते. नव्या पिढीचे एक वेळ सोडून देऊ. जुनी पिढी का येत नाही? चातुर्मासातले एकही कीर्तन ज्यांनी उभ्या आयुष्यात चुकविले नाही, अशा बाया आणि बुवा कुठे गेले? ते कुठेही गेलेले नाहीत. घरीच आहेत, आणि घरी बसून कंटाळलेले आहेत. अशाच एका वृद्ध बाईंना आम्ही टेलिफोनवर विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, यायला रिक्षा मिळते हो. पण नाटक सुटल्यावर घरी कसे जायचे? दहा वाजता मुलाला सांगू का, ये बाबा मला न्यायला म्हणून? तो बिचारा स्वतःच नऊला घरी पोचतो." आजचा मजकूर लिहावासा वाटला तो या प्रश्नामुळे.

जुन्या इंदुरात हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. राजवाड्याच्या चौफेर बक्षी गल्ली, कृष्णपुरा, पंढरीनाथ, नंदलालपुरा, मल्हारगंज या भागांत आपली बहुतेक घराणी राहत होती. कोणी होळकरांच्या फौजेबरोबर आलेले, कोणी दफ्तरात कारकुनी करायला आलेले, कोणी मागाहून मास्तर किंवा वकील म्हणून आलेले. कचेरी, शाळा, नंदलालपुऱ्याची भाजी, खजुरी बाजारातली पुस्तके, सराफ्यातला सोनार, विठोबाचे देऊळ आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालची नदी, सारे वीस मिनिटांच्या चालीत होते. संध्याकाळी व्याख्यान असले तर जेवण आटोपून, शाल खांद्यावर टाकून माणूस निघे. वाटेत चौघे भेटत, आणि व्याख्यान रंगले नाही तरी परतीच्या वाटेवरची चर्चा हमखास रंगे. सराफ्याचे कौतुक आज देशभर होते ते खाण्यासाठी. त्यातली खरी युक्ती फार थोड्यांच्या लक्षात येते. दिवसा जेथे सोन्याची पेढी, तेथेच रात्री भुट्ट्याचा कीस. एकाच गल्लीचा दोन वेळा उपयोग, आणि मध्यरात्रीपर्यंत दिवे व माणसे असल्यामुळे बायाबापड्यांना तेथून जायला भय नाही.

या जुन्या वस्तीचे उगीच गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. वाड्यांतून ओल होती, अंधारे जिने होते, दहा बिऱ्हाडांत एक संडास होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगने या गल्ल्यांतून काय केले ते ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना ठाऊक आहे. मोकळी हवा, दारापुढे चार झाडे, मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली हवी म्हणून लोक बाहेर पडले, ते योग्यच होते. पहिली पिढी रामबागेत, तुकोगंजात गेली. दुसरीने लोकमान्य नगर, राजेंद्र नगर गाठले. तिसरी सुदामा नगरात गेली. आणि आता नातवंडे बायपासच्या पलीकडे, राऊच्या वाटेला, जेथे फाटकावर पहारेकरी आणि आत कारंजे असते अशा वसाहतींत राहत आहेत. प्रत्येक पिढीने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतला. या सगळ्या शहाणपणांची बेरीज मात्र अशी झाली आहे की, एका घरातले चौघे चार दिशांना जातात आणि चौघांना चार वाहने लागतात.

(पत्त्यांवरूनही हे कळते. जुन्या वस्त्यांच्या नावांत गंज होता, पुरा होता, बाजार होता. म्हणजे तेथे माणसे राहत आणि काही तरी उद्योगही करीत. विकास प्राधिकरणाच्या वसाहतींना स्कीम नंबर आहेत. 54, 71, 78, 94, 140. "मुलगी कुठे दिली?" "अठ्ठ्याहत्तरात." एखाद्या तुरुंगाच्या कोठडीचा नंबर सांगावा तसे वाटते, पण आता आमच्या कानांना सवय झाली आहे.)

1951 साली इंदूरची वस्ती तीन लाखांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत एकोणीस लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. 2014 साली आसपासची 29 गावे हद्दीत आली. शहर वाढणारच, त्याला कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. आमची तक्रार वाढीच्या तऱ्हेविषयी आहे. झोपायची जागा एकीकडे, नोकरी सुपर कॉरिडॉरवर किंवा थेट धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात, मुलांची शाळा तिसरीकडे, दवाखाना चौथीकडे. एखाद्या घरात ताट स्वयंपाकघरात, वाटी माडीवर आणि पाण्याचा तांब्या अंगणात ठेवला तर जेवणारा दमून जाईल. तशी ही मांडणी आहे. मंगलकार्येही आता बायपासच्या मॅरेज गार्डनात होतात. मुंजीचे आमंत्रण आले की पहिला विचार आहेराचा नसतो. गाडीत जागा किती हा असतो.

शहराच्या अशा पसरण्याला नाव देणारा माणूस या शहरात राहून गेलेला आहे, हे थोड्यांना माहीत असेल. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश पंडित मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. शहरे पसरत पसरत एकमेकांना जाऊन भिडतात, अशा वस्तीला इंग्रजीत कॉनर्बेशन म्हणतात. तो शब्द त्याने 1915 साली आपल्या पुस्तकात घडविला. 1914 नंतरची सुमारे दहा वर्षे त्याने बहुतांशी हिंदुस्थानात काढली. ठाणे, नागपूर, बडोदे, लखनौ, लाहोर अशा कितीतरी शहरांची त्याने पाहणी केली, आणि तुकोजीराव तिसरे होळकर यांच्या दरबारासाठी इंदूरवर दोन खंडांचा अहवाल लिहिला. तो 1918 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अनेक अहवालांत हा सर्वांत मोठा व गाजलेला. पुढे 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा तो पहिला प्राध्यापक झाला, आणि आपल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्याच्याच शिफारशीने विलायतेला शिकायला जाता आले, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे.

गेडिसची रीत अशी की, नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्यापूर्वी तो गल्लीगल्लीतून पायी हिंडे. विहीर कुठे आहे, पिंपळाचा पार कुठे आहे, कोणते घर रिकामे पडले आहे, बायका पाण्याला कोणत्या वाटेने जातात, हे पाही. त्या काळच्या इंजिनियरांचा आवडता उपाय म्हणजे दाट वस्तीतून रुंद सरळ रस्ता काढायचा. म्हणजे हवा खेळते, रोग जातो आणि साहेबाची बग्गी जाते. गेडिस म्हणे की, यात शेकडो कुटुंबे बेघर होतात, ती शेजारच्या गल्लीत दाटी करून राहतात, आणि रोगाची जागा फक्त बदलते. त्यापेक्षा एखादे कोसळलेले घर काढून तेथे छोटा चौक करावा, अडलेली गल्ली मोकळी करावी, वळणावर झाड लावावे. याला तो शस्त्रक्रियेचीच उपमा देई. मात्र ती जपून करायची, ज्यात रोगी जगला पाहिजे अशी. नद्यांच्या काठाने बागा, गिरण्यांजवळ कामगारांची घरे, मनोरमागंज आणि स्नेहलतागंज यांसारख्या नव्या वस्त्यांत मोकळी जागा असाही त्याचा विचार होता. सगळे त्याच्या मनासारखे झाले नाही. ज्या कान्ह नदीच्या काठी त्याला बागा हव्या होत्या, तिची पुढे जी गत झाली ती वाचकांना सांगायला नको.

त्याची एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्याच रस्त्यांवर घडली. नगररचना करणारा साहेब आला म्हणजे घरे पाडणार, अशी लोकांना धास्ती होती. आणि प्लेगचे भय होतेच. गेडिसने महाराजांकडे एका दिवसाचे राज्य मागितले आणि दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढायचे ठरविले. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल? ज्या रस्त्यावर सर्वांत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील त्या रस्त्याने. लोकांनी घरांतून गाड्याच्या गाड्या भरून कचरा काढला. मिरवणुकीत हत्ती, घोडे, सरदार होते. प्लेगचा उंदीर आणि अस्वच्छतेचा राक्षस होता, त्यांचे शेवटी दहन झाले. लक्ष्मीचा रथ होता. आणि त्याबरोबर धुतलेले पांढरे कपडे घातलेले, फुलांनी सजविलेले शहराचे सफाई कामगार मानाने चालत होते. तुळशीची रोपेही वाटली गेली. गेडिसच्या चरित्रकारांनी ही हकीकत आवडीने सांगितली आहे. 2017 पासून देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षांमागून वर्षे इंदूरने जो मान मिळविला, त्याचे बी कोणी कोठे शोधावे हा ज्याचा त्याचा प्रश्न; आम्हांला ही मिरवणूक आठवते. आणि ती पायी निघाली होती.

अशा शहरात बसचा पट्टा का टिकला नाही? त्याच्यावर टीका करणारे सगळे मोटारींचे भक्त होते असे मुळीच नाही. थांबे रस्त्याच्या मधोमध होते. तेथे पोचायला वाहनांच्या दोन ओळी ओलांडाव्या लागत, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते दिव्यच होते. चौकांत वळणाऱ्या गाड्यांचा खोळंबा होई. मुख्य म्हणजे एका रस्त्यावर उत्तम बस आणि त्या रस्त्याला मिळणाऱ्या वाटांवर काही नाही, अशी स्थिती. थांब्यावर उतरल्यानंतर दीड किलोमीटर घरी कसे जायचे याचे उत्तर नव्हते. हे दोष खरे होते आणि दुरुस्त करण्याजोगे होते. पण पट्टा ज्या कारणाने अप्रिय झाला ते वेगळेच आहे. शेजारच्या ओळीत मोटारी खोळंबलेल्या आणि मधला पट्टा मोकळा दिसायचा. "एवढी जागा वाया चालली आहे," असे गाडीत बसलेल्याला वाटायचे.

त्याने थोडा हिशेब करून पाहायला हवा होता. एका बसमध्ये साठ माणसे आहेत असे धरू. तीच माणसे मोटारींतून निघाली आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर चाळीस मोटारी होतात. एक मोटार आणि तिच्यापुढचे थोडे अंतर मिळून आठ मीटर धरा. चाळीस मोटारींची रांग तीनशे वीस मीटर, म्हणजे दीड फर्लांगाहून लांब. एवढी रांग जी माणसे वाहून नेते, ती बस बारा मीटरांत नेते आणि निघून जाते. मागे पट्टा मोकळा दिसतो तो काम झाल्यामुळे. मोदक संपल्यावर ताट रिकामे दिसते म्हणून यजमानाने मोदकच केले नव्हते असे कोणी म्हणत नाही.

आता ती जागा मोटारींना मिळाली. फुटी कोठी, भंवरकुआँ, खजराणा येथे उड्डाणपूल झाले, आणखी होतील. जुन्या भागातही बडा गणपतीकडून कृष्णपुऱ्याकडे येणारा रस्ता अलीकडे रुंद झाला आणि त्यासाठी घरांचे दर्शनी भाग कापले गेले. एखाददुसरे वर्ष सगळे सुरळीत वाटेल. मग जे पूर्वी गर्दीच्या भीतीने गाडी काढत नव्हते ते काढू लागतील, आणखी चार मैलांवर आणखी वसाहती निघतील, कारण "आता काय, वीस मिनिटांत पोचता," आणि रस्ता पुन्हा भरेल. जगातल्या मोठमोठ्या शहरांनी हा अनुभव घेतलेला आहे. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1962 सालीच हा नियम मांडून ठेवला. शिवाय मोटार दिवसाचे बावीस-तेवीस तास उभीच असते. तिला उभे राहायला सव्वाशे-दीडशे चौरस फूट लागतात. आमच्या जुन्या वाड्यांतली कित्येक माजघरे देवघरासकट याहून मोठी नव्हती.

मेट्रोचे काय, असे कोणी म्हणेल. 2025 च्या 31 मे रोजी तिचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरवर सुरू झाला, सुमारे सहा किलोमीटरांचा आणि पाच स्थानकांचा. तो टप्पा विरळ वस्तीतून जातो, त्यामुळे त्यावरून मेट्रोची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. तिचे आम्ही स्वागतच करतो. पण स्थानकाच्या जिन्याखाली सावलीची पायवाट आणि पुढे नेणारी बस नसेल, तर जो घोटाळा आग्रा-मुंबई रस्त्यावर झाला तोच अधिक खर्चाने होईल.

या सगळ्याचा भार कोणावर पडतो ते पाहावे. ज्याच्या हाती गाडीचे चाक आहे त्याला थोडा वैताग येतो, इतकेच. बारा-तेरा वर्षांचे पोर, जे पूर्वी एकटे सायकलवर पेटीच्या क्लासला जाई, ते आता आईच्या स्कूटीमागे बसून जाते. आई तासभर बाहेर खोळंबते, आणि पोराला सोळाव्या वर्षापर्यंत आपल्या शहराच्या वाटा ठाऊक नसतात. पोळ्या करायला येणारी बाई दोन बस, एक मॅजिक बदलून येते. जी घरे एके काळी एका फटफटीवर भागवीत, त्यांच्या दारी दोन मोटारी आणि तीन स्कूटर आहेत, आणि हप्ते आहेत. आणि सत्तरी उलटलेली माणसे, ज्यांच्यापाशी वेळ आहे, कान आहे, ज्यांनी मास्तरांकडून राग ओळखायला शिकले आणि जुने नट रंगमंचावर पाहिले, ती चांगल्या फरशीच्या, चांगल्या हवेच्या घरात अडकून पडली आहेत. श्रोता हा मैफलीचा अर्धा भाग असतो. तो अर्धा भाग आपण बायपासवर ठेवून आलो आहोत.

महापालिकेला चार बोल लावून हात झटकणे सोपे आहे. आपल्याकडेही पाहू. आपल्या वसाहतीत कोपऱ्यावर किराण्याचे किंवा शिंप्याचे दुकान निघू लागले की, "रहिवासी भागात धंदा नको" म्हणून अर्जावर पहिली सही आपली असते. फाटकासमोर बसचा थांबा येणार म्हटले की, गर्दी होईल, चोऱ्या होतील असे आपणच म्हणतो. पदपथावर आपलीच मोटार चढलेली असते, आणि संस्थेसाठी नवे सभागृह पाहताना पहिला प्रश्न असतो, "पार्किंग किती आहे?" बस कुठे थांबते हे कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही.

हे शहर पायी चालायला विसरले आहे असेही नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाक्या निघतात. गिरण्या बंद पडून पुष्कळ वर्षे होऊन गेली, हुकुमचंद मिलचे भोंगे 1991 साली थांबले, तरी झाक्या निघतात. त्या रात्री अर्धे शहर रस्त्यावर असते, आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत हिंडतात आणि मोटारींवाचून कोणाचे काही अडत नाही. रंगपंचमीच्या गेरीला राजवाड्यासमोर लाखो माणसे जमतात. त्या दिवशी पार्किंग किती आहे हे कोणी विचारीत नाही. 2023 च्या 22 सप्टेंबरला शहराने "नो कार डे" पाळला. अधिकारी सायकलींवरून आणि बसमधून कचेरीला गेले, छायाचित्रे निघाली, आणि 23 तारखेला सगळे पूर्ववत झाले. एका दिवसाच्या उपवासाने प्रकृती सुधारत नाही हे खरे. पण जे शहर ओला आणि सुका कचरा वेगळा करायला शिकले, ज्याविषयी दहा वर्षांपूर्वी सगळे हसत होते, त्याला हेही शिकवता येईल, असे आम्हांला वाटते. कचऱ्याच्या बाबतीत उपदेश कमी झाला आणि गाडी रोज ठरल्या वेळी दारात आली, म्हणून सवय लागली. बसचेही तेच आहे. वेळेवर येईल अशी खात्री नसलेली बस कोणी वापरत नाही, आणि कोणी वापरत नाही म्हणून ती बंद होते.

करायचे काय? आमच्या मते आरंभ रात्रीपासून करावा. शहरातल्या सात-आठ मुख्य मार्गांवर रात्री अकरापर्यंत, दर वीस मिनिटांनी, नक्की बस असावी. मग ती अर्धी रिकामी धावली तरी चालेल. जेथे रस्ता रुंद आहे तेथे बसला तिची वाट पुन्हा द्यावी. या वेळी थांबे पदपथाला लागून असावेत, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही. लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर या आपल्या वसाहतींना तर रेल्वेची स्थानके आहेत. तुकोजीराव दुसरे यांनी 1870 साली एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन जो लोहमार्ग आणविला, त्याच्याच कडेला ती आहेत. महूपासून इंदूरपर्यंत त्या मार्गावर थोड्या थोड्या वेळाने धावणारी छोटी गाडी असती, तर राऊकडच्या निम्म्या मोटारी दारात उभ्या राहिल्या असत्या. नवी वसाहत मंजूर करताना तिच्यात शाळा, भाजी, औषधाचे दुकान आणि एक छोटे सभागृह पायी पोचण्याच्या अंतरावर आहे की नाही हे पाहावे.

राजवाड्याच्या परिसराविषयी हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहराचे उदाहरण आम्ही सुचवू. तेथे 1977 साली मध्यवस्तीचे चार भाग करण्यात आले. मोटारीला एका भागातून सरळ दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेरून वळसा घालावा लागतो. पायी आणि सायकलवर जाणारा मात्र सरळ जातो. व्यापाऱ्यांनी आरंभी फार विरोध केला होता. त्या शहराचा आज जगात उल्लेख होतो तो सायकलींसाठी. राजवाड्याभोवतीच्या गल्ल्या तर पायी चालणाऱ्यांच्याच मापाने घडलेल्या आहेत. त्यांतून मोटार नेण्याचा हट्ट सोडला तर कापायला आणखी ओटे लागणार नाहीत.

हे सगळे करायला नगरसेवक, आयुक्त, मंत्री हवेत, आणि त्यांना वेळ लागतो. संस्थांना जे लगेच करता येईल ते त्यांनी करावे. कार्यक्रम साडेआठला सुरू करून साडेअकराला संपविण्याची चाल वाड्यांच्या काळची आहे. तेव्हा घर गल्लीच्या टोकाला होते. आता सहाला आरंभ आणि साडेआठला समाप्ती ठेवावी, आणि अध्यक्षांचे समारोपाचे भाषण आवरते घ्यावे. (हे अनेकांना रुचेल अशी खात्री आहे.) एकाच वसाहतीतल्या पाच-सात ज्येष्ठांना मिळून एक गाडी, असा बेत तरुण सभासदांनी जमवावा. वर्षातले चार कार्यक्रम तरी राजवाड्याच्या जुन्या सभागृहाऐवजी सुदामा नगरात, राजेंद्र नगरात, जेथे श्रोते राहायला गेले आहेत तेथे व्हावेत.

आम्हीही आमच्या हातचे एक काम करीत आहोत. या पानावर दर सोमवारी आठवड्याच्या कार्यक्रमांची यादी येते. पुढील सोमवारपासून प्रत्येक कार्यक्रमापुढे स्थळ आणि वेळ यांबरोबर जवळचा बसथांबा, तेथून पायी लागणारी मिनिटे, कार्यक्रम संपण्याची वेळ आणि त्यानंतरच्या शेवटच्या बसची वेळ छापली जाईल. संस्थांनी ही माहिती शुक्रवारी सायंकाळपर्यंत कार्यालयात पोचवावी. जेथे कार्यक्रम संपल्यावर एकही बस नसेल, तेथे यादीत "बस नाही" एवढे दोन शब्द छापले जातील.